लस अंगात उतरली का?

चाचाजी, मॅडमच्या लेकी, सर मंडळी आणि मागे दाटीनं उभे असलेले विद्यार्थी मित्रहो,

या हॉलमध्ये मॅडम बोलायच्या आणि आम्ही ऐकायचो. आज त्यांच्या शोकसभेत मला बोलायचंय, आणि समोर त्या नाहीत. जमेल तेवढं बोलते. मधेच थांबले तर सांभाळून घ्या.

मी वैशाली. तिवस्याची, याच मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. आता अकोल्यात सर्जन आहे. मी सर्जन आहे, मी धडधाकट आहे, ते नसरीन मॅडममुळे.

मॅडम आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. तिच्या लसीचे तिन्ही डोस घेऊन आम्ही सगळे निश्चिंत होतो. मॅडम वर्गात म्हणाल्या, "सुई टोचली म्हंजे झालं का? लस अंगात उतरली का, ते कोन पाहीन?"

सगळ्या वर्गाचं रक्त तपासायला लावलं. जवळपास सगळ्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार झाली होती. माझ्या नाही. पुन्हा तीन डोस दिले. पुन्हा तपासलं. पुन्हा काहीच नाही.

मी रडकुंडीला आले. म्हटलं, "मॅडम, मग सर्जरीचा विचार सोडून देऊ का?"

"काहून सोडतं? काही काही जणायचं अंग लसीचं ऐकतच नाही. त्यात तुही काय चूक? फक्त हे तुले मालूम पाहिजे अन् मले मालूम पाहिजे."

त्यांना मालूम होतं. म्हणून मी वाचले.

इंटर्नशिपमध्ये मी कॅज्युअल्टीला होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं इथल्या मोठ्यांना आठवतात. फवारणीचं औषध पिऊन माणसं यायची. रोज यायची. अशाच एका दादाला सलाइन लावताना त्यानं हात झटकला, आणि त्याच्या रक्तानं भरलेली सुई माझ्या बोटात शिरली. तो दादा वाचला, याचा आजही आनंद आहे. पण त्याचा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह.

दुसऱ्या कुणाला लसीनं तारलं असतं. मला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन हवं होतं, तेही तातडीनं. अमरावतीत ते कुठंच मिळेना. मॅडमनी फोनवर फोन लावले. शेवटी अकोल्याच्या एका दुकानात सापडलं. मला वाटलं, कुणाला तरी पाठवतील. मॅडम स्वतः एसटीत बसल्या. ऑक्टोबरच्या उन्हात गेल्या आणि बर्फाचा फ्लास्क मांडीवर धरून परत आल्या.

"मॅडम, तुम्ही कशाला गेलात?"

"दुसऱ्यानं फ्लास्क उन्हात ठेवला असता तं? दंड इकडं कर."

परवा मॅडमच्या यजमानांना, चाचाजींना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या दिवशी मॅडमचा रोजा होता. अकोल्याला जाऊन येईपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नव्हता. इतक्या वर्षांत मॅडम एका शब्दानं बोलल्या नाहीत. चाचाजी, मी काय बोलू तुमच्यापुढे?

पुढचे कित्येक महिने माझं रक्त त्याच काढायच्या. शेवटचा रिपोर्ट घेऊन वॉर्डात आल्या. "निगेटिव्ह हाये. आता घरी जाय अन् मायले भेटून ये." मी तिथंच हमसून रडले. "आता काहून रडून राहिली?" असं रागावल्या, आणि स्वतःच ओढणीनं डोळे पुसायला लागल्या.

मुलांनो, तुम्ही डोस घेतले असतील. पण तपासलंय किती जणांनी? हात वर करू नका. उद्या सकाळी जाऊन रक्त द्या. मॅडमना फुलं वाहण्यापेक्षा ते जास्त आवडेल.

आता सगळे उभे राहूया. ज्याला जी प्रार्थना येते, ती त्यानं मनात म्हणावी. जिला येत नाही, तिनं नुसती मॅडमची आठवण काढावी.

मॅडम, तुमची वैशाली सुखरूप आहे. शुक्रिया.