सासरे आणि नकाशावरचा ठिपका

इथे आखातात, आमच्या गुदैबियाच्या वस्तीत, सासरे माझ्या हातून हरवले होते, हे सांगितलं का तुम्हाला? चिपळूणहून नुकतेच आलेले. बायको ड्यूटीवर, हे घरात नाहीत आणि फोन उचलेनात. फोनचा ठिपका मात्र आमच्याच बिल्डिंगवर! म्हटलं, फोन घरी विसरून बाहेर पडले. आता बायकोला काय सांगू?

नकाशे करणं हीच माझी नोकरी. लॅपटॉपवर बिल्डिंगभोवती मोठं वर्तुळ काढलं आणि त्यातली गल्ली न् गल्ली भर उन्हात पालथी घातली. घामाघूम होऊन परततो, तर सासरे लिफ्टमधून बाहेर! वरच्या मजल्यावर दापोलीवाल्यांकडे कॅरम खेळत होते. मी मिठीच मारली.

सगळं ऐकून म्हणाले, "जावईबापू, तुमच्या नकाशात जिना नसतो का हो?"