ठोंब्यासाठी प्रार्थना

दाढ सुजलेला शिंपी दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसला होता. शेजारी दोन बहिणी कुजबुजत होत्या, आणि कान बंद करून बसण्याइतका तो काही सज्जन नव्हता.

"ताई, मी चर्चच्या प्रार्थनापेटीत चिठ्ठी टाकली. ठोंब्यासाठी."

"कोण ठोंब्या?"

"कार्टूनमधला. गोगलगाय आहे तो. मागच्या भागात त्याचा शंख फुटला. ऑनलाइन ग्रुपवर सगळे रडत होते. मला म्हणाले, पाद्रीणबाई, तुझ्या देवाला सांग की!"

"आणि तू सांगितलंस?"

"ते चेष्टा करत होते गं. मी मनापासून लिहिलं. ठोंब्याच्या पाठीला जबर मार लागलाय, प्रार्थना करावी."

"गोगलगाय आहे, हे लिहिलंस?"

"तेवढं राहिलं."

"अगं बाई!"

"पाळकांनी मोठ्याने वाचलं. सगळं चर्च गुडघ्यांवर. पियानोवाल्या आजींनी तर ठोंब्या चालायला लागेपर्यंत उपास धरलाय. आज तिसरा दिवस."

"ऐंशीच्या आहेत त्या!"

"मला तोंड दाखवायला जागा नाही, ताई."

"लाव आजींना फोन. आत्ताच्या आत्ता खरं सांग."

धाकटी फोन घेऊन दाराबाहेर गेली. तेवढ्यात शिंप्याचा नंबर पुकारला. त्याने मागच्या माणसाला पुढे पाठवलं. दाढ गेली खड्ड्यात. धाकटी परतली ती कानापर्यंत लाल होऊन.

"सांगितलंस?"

"सगळं. गोगलगाय, कार्टून, ग्रुप."

"रागावल्या?"

"नाही. म्हणाल्या, मग मी आता उपास सोडू का?"

"तू काय म्हणालीस?"

"तोंडातून निघून गेलं गं. म्हटलं, पुढचा भाग शुक्रवारी आहे."