आमच्या बातमीदाराकडून

सौम्या : पण काका, ही कात्रणं तुम्ही कडेनं इतकी कोरून का कापलीत? पेपरचं नाव नाही, तारीख नाही, पान नाही. नुसती बातमी.

रघुनंदन : बातमीच ठेवायची होती मला. कडेला काय असतं? केसांच्या तेलाची जाहिरात.

सौम्या : कडेला पान नंबर असतो. आज पाचपर्यंत माझा थीसिस सबमिट झाला नाही तर एक टर्म गेली. तुमच्या एकेचाळीस बातम्यांना तारीख आणि पान नाही म्हणून लायब्ररीच्या योगीराज सरांनी तो परत केलाय.

रघुनंदन : सगळं आहे माझ्या डायरीत. कुठली बातमी, कुठला दिवस, कुठलं पान. पस्तीस वर्षं कन्नड 'पेटेवार्ते'मध्ये काढली मी. पेपर बंद पडला, पण माझी डायरी पक्की आहे.

सौम्या : मग द्या ना.

रघुनंदन : देतो की. आधी तुझी ती यादी दाखव. त्यात माझं नाव कुठं येतंय?

सौम्या : काका, बातमीवर तुमचं नाव नाहीये. 'आमच्या बातमीदाराकडून' असं छापलंय.

रघुनंदन : तो बातमीदार मी.

सौम्या : मला माहितीये. पण रेफरन्समध्ये जे छापलंय तेच द्यायचं असतं.

पद्मावती : म्हणजे राजाजीनगरात पाणी येत नाही हे यांनी लिहिलं, ते द्यायचं. कुणी लिहिलं, ते द्यायचं नाही. सरी, असू दे. कॉफी घे आधी.

रघुनंदन : मग लेखकाच्या जागी काय घालतेस?

सौम्या : आमचं डिपार्टमेंट म्हणतं एपीए पद्धत वापरा. त्यात लेखक नसला की बातमीचा मथळाच सरकून लेखकाच्या जागी बसतो.

रघुनंदन : म्हणजे 'नळाला पाण्याऐवजी वारा' हे लेखक.

सौम्या : तसंच काहीसं.

रघुनंदन : मथळासुद्धा माझा नव्हे तो. मथळे वासुदेवराव द्यायचे, पंख्याखाली बसून. त्यांनी राजाजीनगर जन्मात पाहिलं नव्हतं.

सौम्या : मग माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, एपीए नको, एमएलए कर. त्यातही मथळाच पुढे. शिवाय पेपरच्या नावात शहराचं नाव नसेल तर ते कंसात घालायचं. मी एकेचाळीस वेळा कंसात बेंगळुरू घातलं.

रघुनंदन : शहराला जागा मिळाली. मला नाही.

सौम्या : ते झालं आणि लायब्ररीचं सर्क्युलर आलं, सगळ्यांनी शिकागो पद्धत वापरावी. त्यात पेपरचं नावच लेखकाच्या जागी येतं. पुन्हा एकेचाळीस वेळा.

रघुनंदन : पेपर म्हणजे आमचे मालक. त्या माणसानं सहीपलीकडे काही लिहिल्याचं मला आठवत नाही.

पद्मावती : आणि राजाजीनगरात शेवटी पाणी आलं का, हे कुणी विचारतं का गं?

सौम्या : तो माझा विषय नाही, काकू. माझा विषय बातम्यांतलं पाणी.

पद्मावती : बरं.

रघुनंदन : हे बघ सौम्या, मी स्वल्प स्पष्टच बोलतो. सायकलवरून हिंडून बातम्या आणल्या मी. आमच्या अप्पांना दाखवायचो, ही माझी बातमी. ते चष्मा लावून खालीवर बघायचे आणि विचारायचे, तुझं नाव कुठं आहे? ते जाईपर्यंत मला दाखवता आलं नाही. आता तू पुस्तक करतेस आणि तूही तेच सांगतेस. मग डायरी मिळणार नाही.

सौम्या : एक वाट आहे. लेखक छापलेला नाही पण माहीत आहे, असं असेल तर नाव चौकटी कंसात देता येतं.

रघुनंदन : कंसात तर कंसात. घे डायरी.

सौम्या : थांबा. त्याला पुरावा लागतो. नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह घालावं लागतं.

रघुनंदन : माझ्या नावापुढे?

सौम्या : एकेचाळीस वेळा.

रघुनंदन : अय्यो. अगं, डायरी हाच पुरावा की.

सौम्या : विचारलं मी योगीराज सरांना. ते म्हणाले, डायरी ज्याची त्यानं लिहिलेली असते. त्या काळातलं छापील काहीतरी आणा.

रघुनंदन : आमच्या ऑफिसातली माणसं सांगतील.

सौम्या : कोण कोण आहेत?

रघुनंदन : वासुदेवराव गेले. मालक गेले. हंबीरराव फोटोग्राफर आहे, पण तो हल्ली स्वतःच्या मुलाला ओळखत नाही.

पद्मावती : छापील आहे की.

रघुनंदन : पद्मा.

पद्मावती : जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात. अख्खं पान, घडी घालून. लग्न झालं तेव्हा म्हणालात ऑफिसचं आहे, हात लावू नको. मी दर दसऱ्याला खालची धूळ पुसते आणि परत ठेवते.

रघुनंदन : ते नको.

(पद्मावती आतून घडी आणून सौम्याच्या हातात देते.)

सौम्या : कन्नड जुनं आहे, सावकाश वाचते. 'दिलगिरी. राजाजीनगरातील पाण्याच्या टाकीचे उद्घाटन मंत्रिमहोदयांच्या हस्ते टाळ्यांच्या कडकडाटात झाल्याचे वृत्त आम्ही काल दिले. मंत्रिमहोदय आले नव्हते. टाकीही अद्याप पूर्ण झालेली नाही. या भागातील पाण्याच्या सर्व बातम्या पाठवणारे आमचे बातमीदार श्री. रघुनंदन राव हे त्या ठिकाणी हजर नव्हते. वाचकांनी क्षमा करावी.'

रघुनंदन : झालं वाचून?

सौम्या : काका, 'पाण्याच्या सर्व बातम्या पाठवणारे'. हाच तर पुरावा. नाव आहे, तारीख आहे, पान तीन आहे.

रघुनंदन : पस्तीस वर्षांत एकदाच नाव छापलं माझं, आणि ते तिथं. नको. तू प्रश्नचिन्ह घाल.

सौम्या : पण समारंभ झालाच नाही, तर टाळ्या कुठून आल्या?

रघुनंदन : निमंत्रणपत्रिकेवरून. सगळेच लिहायचे तसं. मंत्र्यांचं भाषण ठरलेलं, टाळ्या ठरलेल्या. दुपारीच लिहून देऊन टाकली. संध्याकाळी मला जायला जमणार नव्हतं.

पद्मावती : तारीख काय म्हणालीस?

सौम्या : हा पेपर अठरा जूनचा, एक्याऐंशी. म्हणजे बातमी सतराची. समारंभ सोळा तारखेला, संध्याकाळी.

पद्मावती : सोळा जूनला संध्याकाळी हे बसवनगुडीला आमच्या घरी होते. मला बघायला.

सौम्या : काय सांगता.

पद्मावती : केसरीभात दोनदा घेतला. आठ वाजले तरी उठेनात. आमचे वडील आत येऊन म्हणाले, या माणसाला कामधंदा आहे की नाही?

रघुनंदन : उठतच होतो. तू परत कॉफी घेऊन बाहेर आलीस.

पद्मावती : ऑफिसला सुट्टी आहे म्हणालात.

रघुनंदन : म्हणालो खरं. मग सहा महिने मालकांनी मला फक्त हवामान दिलं.

पद्मावती : मला कधी बोलला नाहीत.

रघुनंदन : काय बोलणार? तुला वाटलं असतं, तुझ्यामुळे झालं.

सौम्या : काका, तीन वाजलेत. मल्लेश्वरमहून मेट्रो धरायचीये मला. हे दिलं तर तुमचं नाव एकेचाळीस वेळा येईल, प्रश्नचिन्हाशिवाय. पण ही 'दिलगिरी' बेचाळिसावी म्हणून यादीत येईल. कुणीही काढून वाचू शकतं.

रघुनंदन : लोक हसतील.

पद्मावती : पीएचडीचा थीसिस काढून वाचतो कोण?

सौम्या : काकू.

पद्मावती : अगं, यांना धीर देतेय मी.

रघुनंदन : घाल. डायरी कपाटात आहे, वरच्या खणात. आणि नाव नीट लिही. रघुनंदन राव. राव वेगळं.

पद्मावती : सौम्या, हे हजर का नव्हते, ते लिहायला कुठं जागा असते का?

सौम्या : तळटीप देता येते. पण योगीराज सर तिलाही छापील पुरावा मागतील.

पद्मावती : आमची लग्नपत्रिका आहे. छापील. आणि तो समारंभ झाला होता.