मर्नाचे सत्तर डॉलर

...आणि वर म्हणते कशी, "अगं आर्डिस, पाहुणे येणारेत का गं तुझ्याकडे?" माझ्या ट्रॉलीत डोकावून! भर दुकानात, दुधाच्या कपाटापाशी, आणि शेजारी कोण, तर पाद्रीणबाई! आता तुम्हीच बघा. घरात माणसं दोन, मी आणि माझा वर्लिन, आणि ट्रॉलीत काय, तर रोस्टसाठी मांसाचा हा एवढा तुकडा, दोन कोंबड्या, लोण्याचे चार पुडे, साय, बटाट्यांची अख्खी गोणी... आणि हिच्या ट्रॉलीत? एक कोबी, एक मसुराची पिशवी, एक ओटचा डबा. आणि एक कोंबडी, तीसुद्धा इतकी केविलवाणी की वाटावं, बाई गं, तुलाच कुणी दोन घास घातले असते तर बरं झालं असतं!

ही मर्ना म्हणजे माझी थोरली जाऊ. वर्लिनच्या मोठ्या भावाची, लाइल भावोजींची बायको. आणि आमचे सासरे, सेलमर, म्हणजे आमचे बाबा, तेही तिच्याचकडे राहतात. झाली तीन माणसं. आणि या तीन माणसांचा आठवड्याचा किराणा किती? सत्तर डॉलर! सत्तर! आता हे मला कसं कळलं म्हणाल, तर अहो, आमच्या गावात कळलं नाही कुणाला ते विचारा! पोस्टात गेलं तर मर्नाचे सत्तर डॉलर, केस कापायला गेलं तर मर्नाचे सत्तर डॉलर. परवा बर्फ उपसणारा माणूस दारात आला, तो फावडं टेकवून म्हणतो, "तुमच्या जाऊबाई म्हणे सत्तरात भागवतात!" तू बर्फ काढ की रे बाबा!

मी जळत नाही हं. नुसतं सांगते.

आणि आमचा वर्लिन! मी पिशव्या टेबलावर ठेवते न ठेवते तोच हा बिल उचलणार, चष्मा कपाळावर सरकवणार, हात असा लांब करून वाचणार, जसं काही कोर्टाचं समन्सच आलंय. "एकशे... ऐंशी... हं." तो 'हं' आहे ना, तो तुम्ही ऐकायला हवा. त्या 'हं'मध्ये मर्ना असते, लाइल असतो, ती केविलवाणी कोंबडी असते, सगळे असतात. मग खुर्ची ओढून बसणार आणि म्हणणार, "आज जेवायला काय?" आणि मी म्हणाले ना एकदा, "आज मसूर," तर असा चेहरा केला की मला वाटलं, हा आता आपल्या आईला हाक मारतो की काय!

पण खरी मेख पुढेच आहे. नीट ऐका.

सासूबाई गेल्या आणि बाबा मर्नाकडे राहायला गेले, कारण तिच्याकडे झोपायची खोली खाली आहे, आमच्याकडे जिना. ठीक आहे. तेव्हाही मी काही बोलले नाही. मनात आलं होतं, पण बोलले नाही. तर डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, रोज चालत जा. आता आमचं घर तिच्या घरापासून दोन गल्ल्या. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी, पण बाबा कानटोपी, दोन कोट, काठी असे निघतात आणि बरोबर माझा ओव्हन उघडायच्या वेळेला माझ्या दारात! "काही नाही गं, म्हटलं तुमचा बॉयलर नीट चालतोय का बघावं." बॉयलर तळघरात, आणि बाबा स्वयंपाकघरात! नाक वर करून हवेत वास घेताहेत. "रोस्ट का गं?"

"बसा, बाबा."

"छे छे, घरी मर्ना वाट बघत असेल. नुसतं चाखायला दे एवढंसं."

एवढंसं! तुम्हाला सांगते, त्या एवढंशात रोस्टचे तीन तुकडे, लोणी घालून घोटलेल्या बटाट्यांचा हा डोंगर, डोंगराच्या माथ्यावर ग्रेव्हीचं तळं, आणि मग पाव घेऊन ताट असं पुसतात की मला धुवायचं काम नाही. वर ॲपल पाय. वर कॉफी. आणि तोंड पुसून काय म्हणतात? म्हणतात, "मर्ना फार काटकसरी हो! तुझ्या सासूची आठवण येते तिच्याकडे बघून." माझ्या टेबलावर! माझी ग्रेव्ही मिशीला लागलेली असताना! एकदा मला राहवलंच नाही. म्हटलं, "बाबा, मग तिच्यासमोर एकदा माझ्या रोस्टचंही नाव काढा की." तर दचकलेच. म्हणाले, "नको गं. मनाला लावून घेईल. रात्री माझे पाय चोळते पोर."

"आणि मी मनाला लावून घेत नाही का?"

"तू? तू समजूतदार आहेस."

समजूतदार! घरात ज्याला काही द्यायचं नसतं ना, त्याला समजूतदार म्हणतात. लिहून ठेवा.

आणि मग घरी गेल्यावर काय, तर मर्ना मसुराची वडी पुढे ठेवते आणि बाबा दोन घास खाऊन ताट सारतात. "भूक नाही गं." आणि आपण एक लबाडी केली म्हणून चुटपूट लागते ना, मग दुसऱ्या दिवशी गावात तिचं दुप्पट कौतुक! म्हणजे हिशेब बघा, माझ्याकडे जितकं जास्त खाणार, तितकी स्तुती तिची वाढणार! मी जितका चांगला रोस्ट करीन तितकी मर्ना थोर!

मी जळत नाही हं. नुसतं सांगते.

बरं, एवढ्यावर थांबावं? एक दिवस लाइल भावोजी दारात. धान्याच्या कोठारावरून सुटून थेट. "बाबा आहेत का? घ्यायला आलो." म्हटलं, "जेवताहेत, बसा दोन मिनिटं." आता माणसाला बसा म्हटलं की समोर ताट ठेवावं लागतं की नाही? आमच्याकडे नुसतं कोण बसतं? झालं! दुसऱ्या दिवशीही बाबांना घ्यायला आले. तिसऱ्या दिवशी बाबा सर्दीनं घरीच होते, तरी हे बाबांना घ्यायला आले! आणि खातात कसे, तर खाली मान घालून, एक शब्द नाही, जसं कुणी मागून येऊन ताट ओढणार आहे. आणि निघताना दारात हळूच, "आर्डिस... मर्नाला उगाच..." नाही सांगत, भावोजी! मी समजूतदार आहे ना!

म्हणजे आता मांडा गणित. तिच्या घरी माणसं तीन, जेवणारी एक. माझ्या घरी माणसं दोन, जेवणारी चार! आणि वर्लिन, हा शहाणा, बापाला बटाटे वाढतो, भावाला लोणी देतो, आणि शनिवारी बिल हातात धरून म्हणतो, "दोघांना एवढं लागतं?" म्हटलं, अरे, तुझे वडील! तुझा भाऊ! तर म्हणतो, "ते काय, एवढंसं तर खातात."

आणि मग ती बातमी आली. पाद्रीणबाईंनी ठरवलं की मर्नानं चर्चच्या तळघरात सगळ्या बायकांना सांगायचं, सत्तर डॉलरांत आठवडा कसा चालवावा. फोटोंसकट! आणि मला म्हणाल्या, "आर्डिस, तू नक्की ये हं. तुला उपयोग होईल." मला! उपयोग!

त्या दिवशी मी ठरवलं. आता बास. सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि विचारायचं, एकच प्रश्न. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिला. भाषणाच्या दिवशी निळा स्वेटर घातला. वर्लिन म्हणाला, "काय गं, कुणाचं लग्न आहे?" म्हटलं, नाही, बारावं आहे.

तळघर गच्च भरलेलं. कॉफीचा वास, ओल्या बुटांचा वास, आणि पुढे मर्ना, पांढरी कॉलर लावून, भिंतीवर एकेक फोटो दाखवतेय. "सोमवार. मसुराचं सूप. मंगळवार. त्याच सुपात ओट घालून वडी. बुधवार. वडी उरली तर तिचा चुरा..." आणि बायका माना डोलावताहेत, अहो, पुटपुटताहेत, 'धन्य गं बाई!' मला घाम फुटला. आणि तिनं विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

मी उठलेच. म्हटलं, "मर्ना, एक सांग. सेलमर बाबा घरी रात्री जेवतात किती?"

आता बघा, मला वाटलं होतं ती गडबडेल, काहीतरी ठोकून देईल, आणि मग मी... पण ती नुसती उभी राहिली. हातातला कागद खाली गेला. आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "जेवत नाहीत गं. तुला कसं कळलं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"दोन घास. कधी तेवढेही नाहीत. आई गेल्यापासून अन्नावरची वासनाच उडालीय त्यांची. आणि पोट तर फुगतंय, पँटची बटणं लागत नाहीत. मला वाटतं पोटात पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले तपासून घेऊ. पुढच्या आठवड्यात शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यायचंय..." आणि तिथेच, त्या वडीच्या फोटोसमोर, तिच्या डोळ्यांतून पाणी!

पाणी! पोटात पाणी! अहो, माझी ग्रेव्ही होती ती! सायीची, लोण्याची, उभ्या हिवाळ्याची ग्रेव्ही!

आता सांगा, काय करायचं मी? म्हणजे इतके दिवस ज्या वाक्यासाठी जीव टांगला होता ते वाक्य जिभेवर, सगळं गाव समोर, पाद्रीणबाई पहिल्या रांगेत... आणि मी काय केलं? मी म्हटलं, "नाही... सहज विचारलं." आणि खाली बसले. बसले म्हणजे काय, कोसळलेच.

नंतर सगळ्या गेल्या आणि आम्ही दोघीच मागच्या मोरीपाशी कप विसळत होतो. ती विसळतेय, मी पुसतेय. म्हटलं, आता बोल, आर्डिस, नाहीतर म्हाताऱ्याच्या पोटात सुई घालतील. म्हटलं, "मर्ना, बाबांना काही झालेलं नाही. बाबा रोज माझ्याकडे जेवतात."

तिनं नळ बंद केला. "कधीपासून?"

"पहिला बर्फ पडला तेव्हापासून."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी माझा ओव्हन बंद असतो."

तिनं ओले हात पुसले. मग म्हणाली, "लाइलपण?" मी कप पुसत राहिले. तो कप केव्हाच कोरडा झाला होता. "लाइलपण," ती स्वतःशीच म्हणाली.

मला वाटलं आता भांडेल. मी तयारच होते, माझ्याकडे उत्तरं होती! तर ती स्टुलावर बसली आणि म्हणते, "मला येत नाही गं स्वयंपाक. करपतो, नाहीतर कच्चा राहतो. लग्न होऊन आले तेव्हा आईंनी पहिल्याच दिवशी माझा रोस्ट कुत्र्याला घातला. आणि तू आलीस, तर त्यांनी स्वतःचं रोस्टचं भांडं तुला दिलं. मला नाही. थोरली मी. मग मी म्हटलं, चवीत नाही तर नाही, स्वस्तात तरी मी पहिली येईन. निदान त्याला तरी कुणी नावं ठेवायला नको." आणि नाक ओढून, "रोज तुझ्या ट्रॉलीकडे बघते ना, जीव नुसता जळतो माझा."

तिचा! माझ्यावर! तुम्हाला सांगते, इतकं गार वाटलं मला, इतकं गार... म्हणजे वाईट वाटलं हो, वाईटही वाटलं. पण आधी गार वाटलं. इतकी वर्षं मी काय एकटीच... नाही, म्हणजे मी जळत नव्हते हं. नुसतं सांगते.

आणि त्या गारव्यात, त्या एका क्षणाच्या भरात, माझ्या तोंडून निघून गेलं. कुणी सांगितलं होतं? म्हटलं, "रडू नको गं. असं कर, तूही येत जा जेवायला."

आपल्याकडे रीत आहे की नाही? असं म्हटलं की समोरच्यानं तीनदा नको म्हणायचं. लहानपणापासून शिकवतात. पण मर्ना काटकसरी! तिनं शब्दसुद्धा वाया घालवले नाहीत. म्हणाली, "किती वाजता?"

तेव्हापासून पाचजण आहोत. बाबांचं पोट आहे तिथेच आहे, इस्पितळ रद्द झालं, बॉयलरचं नाव आता कुणी काढत नाही. मर्ना येते, भांडी घासते, ते मात्र खरं, आणि घासताना मला म्हणते, "आर्डिस, एवढं लोणी कशाला गं घालतेस?" घालते! आणि तीच ग्रेव्ही दोनदा मागून घेते. बाबा मात्र आता सुटलेत. आता मर्नासमोर माझ्या रोस्टचं नाव काढायला हरकत नाही ना? तर परवा काढलं. म्हणाले, "रोस्ट छान झालाय गं मर्ना. तू भांडं किती लख्ख घासतेस, त्यामुळेच!"

आणि किराणा? माझा पोचलाय अडीचशेला. वर्लिनचा 'हं' आता घसा दुखेपर्यंत लांबलाय. आणि तिचा? घरी फक्त सकाळचे ओट. तीस डॉलर! आठवड्याला तीस! गावभर झालंय, पोस्टात, दुकानात, सगळीकडे. पाद्रीणबाईंनी लगेच पुढचं भाषण ठरवलंय, 'तीस डॉलरांत आठवडा'. काल रस्त्यात भेटल्या, माझा हात हातात घेतला आणि अगदी कळवळून म्हणाल्या, "आर्डिस, इतकी सोन्यासारखी जाऊ आहे तुला. अगं, जरा तिच्याजवळ बसून बघत जा ना, कसं करते ते."

म्हटलं, बघते ना, बाई. रोज संध्याकाळी समोरच बसलेली असते.