पांढरं टोक

ताई : म्हणजे मी 'पास' लिहायचं, तुमचा माल पेरणीआधी बाजारात जायचा, तुमच्याकडच्या जुन्या कामगार काकांनी बिघडवलेलं बी जावयानं वाचवलं म्हणून सासरेबुवा गोदामाच्या किल्ल्या तुझ्या हातात ठेवणार. बरोबर मांडला ना हिशेब?

भाऊ : तुला भावातसुद्धा तराजूच दिसतो.

ताई : बी तपासते बाबा, पोटापाण्याचा धंदा आहे.

भाऊ : मग तपास की. सासऱ्यांनी ओल्या फडक्यात दाणे ठेवले, एक उगवला नाही. मीच म्हटलं, बी मेलेलं नाही, झोपलंय. ताईकडून दाखला आणतो. आणि बघ, तुझ्या बिनरंगी द्रावणात वाटाणे लाल झाले! लाल म्हणजे जिवंत, तूच सांगितलं होतंस.

ताई : अर्धंच ऐकलंस, नेहमीसारखं. ये, भिंगातून बघ. दोन डाळिंब्यांच्या मधे ती चोच दिसते?

भाऊ : दिसते.

ताई : ते मूळ. टोकाचा रंग?

भाऊ : पांढरा.

ताई : शेजारच्याचा?

भाऊ : पांढराच. पण बाकी दाणा लालभडक आहे की गं! एवढ्याशा टिंबासाठी...

ताई : त्या टिंबानंच तो जमिनीत पाय रोवतो. कोठार भरलेलं, पण उंबरा ओलांडायला पाय नाहीत. हा झोपलेला नाही बाळ्या, हा गेला.

भाऊ : जुनं असेल बी.

ताई : जुनं बी कुठंही, कसंही विटतं. हे सगळे एकाच जागी मेलेत. ओला माल ड्रायरमधे घालून कुणीतरी आच चढवली.

भाऊ : काकांनीच. ड्रायर त्यांच्याकडे होता. वय झालंय, लागली असेल डुलकी. उगाच का परवा सासऱ्यांनी त्यांना घरी बसवलं?

ताई : माल वाळला मंगळवारी ना?

भाऊ : हो.

ताई : मंगळवारी काका मक्याचे नमुने घेऊन इथं आले होते. त्या स्टुलावर बसले ते संध्याकाळपर्यंत. माझाच चहा पिऊन माझ्याच चहाला नावं ठेवली.

(भाऊ भिंग उगाच पुसू लागतो.)

ताई : बोल. भिंग पुसून वाटाणा उगवत नाही.

भाऊ : दोन दिवसांचं काम एका दिवसात करून दाखवायचं होतं गं. उठताबसता एकच, 'काकांना विचार, काकांकडून शीक.' फिरवलं बटण. दाणे बाहेर काढले तेव्हा खणखणीत वाजत होते. वाटलं, जिंकलो.

ताई : आणि काकांचं नाव घेतलंस.

भाऊ : मी नाही घेतलं! चौकशी निघाली तेव्हा तेच पुढं झाले. 'चूक माझी, मालक,' म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ताई : तू बघितलंस त्यांच्याकडे?

भाऊ : मी... फरशीकडे बघत होतो.

ताई : परवा त्यांना काढल्याचं कळलं, तेव्हाच मला मंगळवार आठवला होता. सासऱ्यांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. म्हटलं, भावाचा संसार आहे, आधी दाणे काय बोलतात बघू. त्यामुळं लाज काही तुझ्या एकट्याच्या वाट्याची नाही.

भाऊ : मग आता?

ताई : 'नापास' लिहिलंय. सासऱ्यांचा माल गेला, काकांचं काम गेलं, माझी झोप गेली. तुझं तेवढं अजून काही गेलेलं नाही. कधी, किती घालवायचं ते सासऱ्यांपुढं उभा राहून तूच ठरव.

(भाऊ खिडकीपाशी जाऊन बाहेर बघतो.)

भाऊ : ती सायकल काकांची ना? बाहेर बाकावर बसलेत का?

ताई : आले होते. दाणे जगले का, विचारायला.

भाऊ : ताई... इथून मागचं दार आहे का गं?

ताई : आहे. तुझी गाडी फाटकात दिसली तसे काका तिथूनच गेले. म्हणाले, 'समोर आलो तर पोराला उगाच मान खाली घालावी लागेल.' सायकल राहिली इथंच. चालत गेले.