गोळीला उपास कळला नाही

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. कोणाची गोष्ट पोटात ठेवणं, हे चांगलंच ना? लहानपणापासून आपल्याला तेच शिकवलं — चुगली करू नये! कबूल. पण न सांगितल्यामुळे एखादं माणूस आडवं झालं, तर?

कऱ्हाडात निरंजन फडतरे नावाचा मुलगा. मुलगा कसला, चाळिशीचा बाप्या! मोबाईलची अ‍ॅपं बनवतो. आई इंदुमतीबाई, वय बहात्तर, अंगात मधुमेह, आणि देवावर भारी जीव. निरंजननं आईच्या फोनवर स्वतःच्या हातची तीन अ‍ॅपं घालून दिली. एक पंचांगाचं, त्यात आईचे उपास. एक गोळ्यांचं, वेळ झाली की वाजणारं. एक पावलं मोजणारं. आणि तिघांच्या मध्ये पक्क्या भिंती! ह्याचं त्याला कळता कामा नये. आईची माहिती काय चव्हाट्यावर मांडायची? ह्या भिंतींचा त्याला अभिमान होता, आणि तो खोटा होता असं मी म्हणत नाही. तुम्ही हसताय, पण तुमच्या खिशातल्या डबीला तुमचं काय काय ठाऊक आहे, विचारा एकदा!

आली निर्जळी एकादशी. निघताना निरंजन म्हणाला, आई, आज उपास ना? आणि गेला कामावर. आठ वाजता गोळीचं अ‍ॅप वाजलं — जेवणाआधीची गोळी घ्या. डॉक्टरांनी आदल्याच आठवड्यात ती वाढवलेली. आता जेवण कुठलं? पण बाईंचा नेम असा, की मुलानं लावलेली घंटा वाजली की गोळी घ्यायचीच. पाण्यानं निर्जळी मोडेल, म्हणून कोरडीच गिळली! आणि निघाल्या रामाच्या देवळात, एकशे आठ प्रदक्षिणा घालायला.

पंचांगाला ठाऊक, पोट रिकामं आहे. गोळीवाल्याला ठाऊक, साखर उतरणार. पावलांवाल्याला ठाऊक, बाई चालतायत — तो तर शाबासकी देतोय! एकाच फोनात तिघं शेजारी, आणि तिघांची बोलचाल बंद.

सत्तराव्या फेरीला बाईंना दरदरून घाम फुटला. खांबाला धरून खाली बसल्या. पुजारी दामूअण्णांनी निरंजनला बोलावलं, तो धापा टाकत आला. साखरेचं पाणी ओठाला लावतो, तर बाईंनी दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलेलं. उपास मोडेल! तेव्हा दामूअण्णा गाभाऱ्यात गेले, पंचामृताच्या वाटीत मूठभर साखर ढवळून आले.

"इंदूवहिनी, हे तीर्थ आहे. तीर्थानं उपास मोडत नाही."

बाईंनी तोंड उघडलं. हळूहळू डोळ्यांत ओळख आली. मग दवाखाना, तपासणी, आणि दुपारी सगळे घरी.

निरंजन आईजवळ बसला, फोन हातात. मनाशी ठरवलेलं, आजच भिंती पाडायच्या. पण विचारून हं! आई, तुझा उपास गोळीला कळू दे? बाई म्हणाल्या, कळू दे. चालणं कळू दे? कळू दे. आणि बाहेरच्या कोणाला? बाई म्हणाल्या, त्यांचा काय संबंध? तेवढं दार बंद ठेव. शहाणी बाई!

निरंजनला हायसं वाटलं. चूक फोनची होती, दुरुस्त झाली. तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या,

"अरे, गोळी वाढवली तेव्हा तू डॉक्टरांसमोर माझ्या शेजारी बसला होतास. आज सकाळी उपासाचं तूच विचारलंस. दोन्ही तुला ठाऊक होतं, निरंजन. मग मला का नाही म्हणालास, गोळी घेऊ नकोस?"

निरंजननं हातातला फोन खाली ठेवला. डोळे भरून आले.

मंडळी, फोनला कोणी तरी शिकवेल. त्याची काळजी तुम्ही-आम्ही करायला नको. पण आपल्या माणसाचं दुखणं आपल्याला ठाऊक, त्याचा हट्टही ठाऊक — आणि आपण विचारतो, बरं आहे ना? आणि चपला घालून निघतो. उत्तर ऐकायला थांबलं होतं का कोणी, आज सकाळी?