जपानच्या धड्यानंतर

सन्माननीय अध्यक्ष काकासाहेब, मुख्याध्यापक फकरोद्दीन साहेब, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, परतूरकर बंधुभगिनींनो आणि चौथीच्या माझ्या मुलांनो,

शाल चांगली उंची आहे. बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा गावाचं माझ्यावर एवढं प्रेम असेल, असं वाटलं नव्हतं.

माझ्या शिकवण्याचं अध्यक्षांनी आत्ताच कौतुक केलं. मग काय शिकवलं, तेही सांगायला हवं. दिवाळीनंतर जपानचा धडा होता. तिथली मुलं शाळेची फरशी स्वतः पुसतात, दुपारचं जेवण पाळीपाळीनं एकमेकांना वाढतात, आणि सगळ्यांची पानं वाढून झाली की मगच घास घेतात. मुलांना फार गंमत वाटली. आपणही करू, म्हणाली. जेवण कुठून आणायचं? म्हणून वर्ग झाडायचा आणि सगळ्यांना पाणी द्यायचं, अशी पाळी लावली.

चाललं होतं बराबर. मग मांगवाड्यातल्या गोजरची पाळी आली. त्या दिवशी पोर डोकं विंचरून, वेणी घालून आली होती. तिनं पाणी दिलं, मुलं प्यायली आणि पाढे म्हणायला लागली. कोणाचं काय बिघडलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा पाण्याचा रांजण फुटलेला. दुपारी बैठक. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झालाय, असं मी म्हटलं. कायदा दिल्लीत झाला, पोरं इथं प्यायली, असं काकासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हाही आजच्यासारखाच मृदू होता.

संध्याकाळी गोजरचे वडील कडूबा घरी आले. उंबऱ्याबाहेरच थांबले.

"गुरुजी, पोरीचं नाव काढून टाका. तुमी जासाल दुसऱ्या गावाला. आमाला इथंच राह्याचं हाय."

गोजर त्यांच्या मागं उभी होती. जाता जाता म्हणाली, "गुरुजी, म्या हात धुतल्ते."

आज सगळा वर्ग इथं आहे, ती न्हाई. काकासाहेबांच्याच शेतात कापूस वेचून राह्यली, असं ऐकतो. माझ्या जागी येणाऱ्या गुरुजींना एवढं कळवा, की जपानचा धडा वगळला तरी चालतो. परीक्षेला येत न्हाई.

या सत्काराबद्दल मी आपला ऋणी आहे. बोलण्याच्या भरात पायरी सोडली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. पुष्कळ काही पोटात घालायची या गावाला सवय आहे.